भिंतीवरच्या विहिरी

त्या भिंतीला चुना मारायची अक्कल माझीच. मला कुणी सांगितलं नव्हतं. सीएमओ, म्हणजे आमचे मुख्याधिकारी साहेब, एवढंच म्हणाले होते की चौदा एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह आहे, पोर्टलवर फोटो टाकायचेत, तेव्हा गॅरेज जरा बरं दिसलं पाहिजे. मी नगरपालिकेत कम्प्युटर चालवतो. कोणत्या नगरपालिकेत ते लिहीत नाही, नोकरी अजून कच्ची आहे. कच्च्या नोकरीचा माणूस पक्क्यापेक्षा दुप्पट उत्साही असतो. म्हणून बारा तारखेलाच मी आशिष पेंटरला बोलावलं आणि आमची दमकल, म्हणजे आग विझवायची गाडी, जिथं उभी राहते त्या गॅरेजची आतली भिंत पांढरीशुभ्र करून घेतली. आमच्याकडे सरकारी कारभार हिंदीत चालतो, म्हणून वर लाल अक्षरात सरकारी हिंदीत लिहून घेतलं : 'आग लगने पर घबराएँ नहीं.'

आधी त्या भिंतीवर कोळशानं काहीबाही गिरवलेलं होतं. नावं, आकडे, बाण, फुल्या. मला वाटलं, कुणीतरी रिकामटेकडं बसल्या बसल्या हात चालवलाय. पोर्टलला कामाच्या आधीचा फोटोही लागतो, म्हणून आशिषनं त्या कळकट भिंतीपुढे माझा एक काढला. मी मधोमध, अंगठा वर.

चौदा तारखेच्या सकाळी गुलाबकाका आले. गुलाब गजभिये, दमकलचे ड्रायव्हर. दोन दिवस नागपूरला होते, पोरीला, करुणाला, जयंतीसाठी घरी आणायला गेलेले. विहारातली वंदना आटोपून थेट आले होते, त्यामुळे अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट. भिंतीपुढे उभे राहिले ते राहिलेच.

"अक्षर झकास हाय," ते म्हणाले.

"आशिषनं काढलं काका." मी खूश.

"हाव. अन् याच्या खाली जे होतं ते?"

"ते कोळशाचं? पुसलं ना. लय घाण दिसत होतं."

"घाण." त्यांनी तो शब्द सुपारीसारखा तोंडात फिरवला. "बेचाळीस विहिरी होत्या त्या, बाबू."

एवढं बोलून ते गाडीच्या पायरीवर बसले आणि टायरकडे पाहत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता गुलाबकाकांबद्दल सांगायला पाहिजे. हजेरीपटावर ते आजही 'पाणीपुरवठा मदतनीस' आहेत. सत्तावीस वर्षांपूर्वी टँकरचा कॉक उघडायच्या कामावर लागले, ड्रायव्हर आजारी पडला म्हणून एक दिवस गाडी हातात घेतली, तो दिवस अजून संपलेला नाही. गाडी माझ्याहून वयानं मोठी आहे आणि माझ्यापेक्षा लवकर सुरू होते, असं तेच म्हणतात. तिच्यात साडेचार हजार लिटर पाणी बसतं. ऐकायला पुष्कळ वाटतं. पाइप पूर्ण सोडला तर दहा-बारा मिनिटांत टाकी कोरडी. खरी परीक्षा त्यानंतर असते. दुसरी टाकी कुठून भरायची?

बारा वर्षांपूर्वी तिगावकडच्या एका आगीत त्यांची टाकी संपली. ते एका विहिरीवर गेले, तिथं पाणी नाही. दुसरीवर गेले, मोटरच्या खोलीला कुलूप. तिसरीवर चावी मिळाली तर लाइन नव्हती. पाणी घेऊन परत येईपर्यंत दोन घरं बसली होती आणि एक बाई राखेत हातानं काहीतरी शोधत होती. काय शोधत होती ते त्यांनी विचारलं नाही. पुढच्या रविवारपासून त्यांनी विहिरी मोजायला घेतल्या.

दरवर्षी मार्च लागला की काका रविवारी मोपेडवर निघतात. खिशात हात-हातावर गाठी मारलेली सुतळी, तिच्या टोकाला लोखंडी नट. विहिरीत नट सोडायचा, गाठी मोजायच्या. पाणी पंधरा हाताच्या आत असेल तर दमकलचा पाइप स्वतः ओढून घेतो. त्याच्याखाली गेलं की शेतकऱ्याची मोटर लागते. मोटर म्हटली की लाइन, आणि लाइन म्हटली की दिवसाची पाळी का रात्रीची. शिवाय खोलीची चावी कुणाजवळ. हे सगळं भिंतीवर जायचं, कोळशानं, गावागावाचं. लोक त्यांना 'विहिरीचा तलाठी' म्हणून चिडवायचे. काका म्हणायचे, "तलाठ्याले चहा भेटते, मले तोही भेटत नाई."

आणि मी तो सातबारा चुन्याखाली गाडला होता.

"काका, पुन्हा लिहू ना," मी म्हणालो. "तुम्ही सांगा, मी लिहितो. वाटलं तर एक्सेलमध्ये टाकतो."

"मी मोजतो अन् लिवतो. लिवलं का डोक्यातून जाते. डोकं रिकामं ठेवासाठीच तर भिंत होती."

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला. बाईचा आवाज, मागे माणसांचा कालवा.

"दमकल पाठवा हो! खालचा टोला, रामाकोन्याच्या रस्त्याले! कोन्या मेल्यानं नरवाई पेटवली, अन् वारा इकडंच येऊन राहिला! पयलं घर माह्यं हाय, घरात कापूस हाय!"

गहू कापल्यावर शेतात उरणारं धसकट म्हणजे नरवाई. पेटवायला बंदी आहे, म्हणून लोक भर दुपारी पेटवतात, साहेब लोक जेवायला गेलेले असतात. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"कोन बोलून राहिलं? अंबाबाई? कापूस किती हाय?"

"आढ्याले टेकला हाय भाऊ! दिवाळीपासून भावाची वाट पाहून राहिले!"

"घरात कोन हाय?"

"मीच."

"कापसावर ओले पोते टाका अन् बाहेर व्हा. आलोच."

हेल्पर राहुल जयंतीच्या सुटीवर होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "चाल, कम्प्यूटर." मी आमच्या शाळेत कबड्डीतही राखीव खेळाडू होतो. पण त्या दिवशी नाही म्हणायला तोंड नव्हतं.

चौकात निळे झेंडे, मोटरसायकलींची रॅली, डीजे. सायरन ऐकून पोरांनीच डीजे बंद केला आणि वाट करून दिली. सरबताच्या स्टॉलवरून पांढऱ्या साडीतल्या प्रमिलाबाई पेला घेऊन खिडकीशी धावत आल्या.

"गुलाबभाऊ, जय भीम! दोन घोट तरी!"

"जय भीम बाई, येताना!" काकांनी गिअर बदलला. प्रमिलाबाईंच्या कमरेला चाव्यांचा जुडगा लोंबत होता. हे मी तेव्हा नुसतं पाहिलं. तासाभरानं तोच जुडगा माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

खालच्या टोल्यात, म्हणजे त्या वस्तीत, बावीस घरं, एकमेकांना खांदा लावून उभी, कौलाला कौल टेकलेलं. शेताच्या बाजूचं पहिलं घर अंबाबाईंचं. त्या घरात ठिणगी गेली की पुढची एकवीस मोजायची गरज नव्हती. आग शेतभर रांग धरून येत होती, कमरेएवढी, मधूनच माणसाएवढी. घरापासून दीडशे पावलांवर असेल.

"नोझल धर. पाय रोव," काका म्हणाले. "आगीवर मारू नको, धुऱ्यावर मार. ओला पट्टा पायजे आपल्याले."

पाइपात पाणी आलं आणि त्यानं आधी मला दोन पावलं मागे नेलं. मग कसाबसा मी त्याला पुढे नेला. धुरा, म्हणजे शेताचा बांध, मी भिजवत गेलो. जिथं भिजला तिथं आग येऊन फुसफुसायची आणि बसायची. मला वाटायला लागलं, हे काही फार अवघड नाही. तेवढ्यात पाइप माझ्या हातात मेला. अकरा मिनिटं झाली होती. धुरा दोन भाग ओला, नाल्याकडचा एक भाग कोरडा, आणि आगीला तो बरोबर सापडला होता.

काका लोकांवर ओरडले, "ओले पोते घ्या, नाल्याकडून ठोकत राहा! ज्याच्या घरी संत्र्याच्या फवारनीचा ट्रॅक्टर हाय त्यानं टाकी धुवून साधं पानी भरून आना. औषधाचं नको, नाईतर आगीच्या आधी तुम्हीच जासान!"

अंबाबाई पुढे आल्या. पदर तोंडाला, डोळे लाल. "भाऊ, चालले कुठी तुम्ही?"

"पान्याले."

"येसान ना?"

काकांनी गाडी सुरू केली.

"रामाजीची विहीर," ते मला म्हणाले, की स्वतःलाच, कळलं नाही. "मागच्या एप्रिलात बारा हातावर होती."

दीड किलोमीटर गेलो. काकांनी खिशातून सुतळी काढली, नट सोडला. खाली दगडावर 'टण्' वाजलं. त्यांनी पुन्हा सोडला, जरा बाजूला. पुन्हा 'टण्'.

"औंदा उतरली. म्या फुली मारली असन हिच्यावर, पंधरा दिवसांआधी." ते सुतळी गुंडाळत होते, पण गाठी बोटांत अडकत होत्या. "टोल्याच्या आजूबाजूले तीन लिवल्या होत्या. एक हे. एक दूर हाय. तिसरी... तिसरी कोनाची होती बाबू?"

मी टोल्याकडे पाहिलं. धूर उंच गेला होता. आणि तेव्हा मला आठवलं. खरं तर पाच मिनिटं आधीच आठवलं होतं, पण दाखवायची लाज वाटत होती.

"काका, फोटो आहे."

मोबाइल काढला. फोटोत मी मधोमध, दात दाखवत, अंगठा वर, आणि मागे ती भिंत. बोटांनी मोठा केला. डाव्या बाजूला 'खा. टोला' असं लिहिलेलं, त्याच्यापुढे तीन बाण. पहिला रामाजी, फुली. दुसरा लांबचा. तिसऱ्या बाणापुढे माझं डोकं. डोक्याच्या पलीकडे, उजव्या कानाशेजारून पुढचं स्वच्छ दिसत होतं : '२२ हात. ५ ची मोटर. लाइन दिवसा. चावी प्रमिला.'

काकांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. आधी फोटोतल्या, मग खऱ्या.

"नेमकं नावावरच ठेवलं तुवा मुंडकं," ते म्हणाले. "पन चावी दिसून राहिली. नाल्यापलीकडची. औंदाच मोटर बसवली तिनं." गाडी वळवत होतेच.

"प्रमिला म्हणजे सरबतवाल्या? काका, चाव्या त्यांच्या कमरेला आहेत. आपण त्यांच्या पुढून आलो."

"मालूम हाय. फोन लाव."

लावला. सहा वेळा लावला. रॅलीच्या आवाजात कुणाला ऐकू येणार?

प्रमिलाबाईंची दोन एकराची शेती. विहिरीशेजारी विटांची खोली, लोखंडी दार, दाराला माझ्या तळहाताएवढं पितळेचं कुलूप. काकांनी कुलूप हातात घेतलं, उलटं करून पाहिलं.

"सासऱ्याच्या वक्ताचं हाय हे. पानी वाढतानाही बाई याची गोष्ट सांगते." मग मला गाडीतली कुऱ्हाड दिली. "तोड."

"मी?"

"भिंत तुवा पुसली ना? मंग कुलूपही तूच तोड."

पहिला घाव दाराला बसला. दुसरा कडीला. तिसऱ्यानं कुऱ्हाड हातातून निसटली. चौथ्याला पितळ फाटलं, आणि मला खरंच कुणाचं तरी काहीतरी मोडल्यासारखं वाटलं. आत स्टार्टरवर लाल दिवा जळत होता. लाइन होती. त्या दिव्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

पाणी टाकीत पडायला लागलं. काका टाकीवर उभे राहून टोल्याकडे पाहत होते. मी घड्याळाकडे. चार मिनिटं. टाकी अर्धीही नाही.

"बंद कर," काका वरून म्हणाले.

"भरू द्या ना काका. अजून चार-पाच मिनिटं. अर्ध्या टाकीत काय होणार?"

"गवताचा धूर पांढरा असते, बाबू. तिकडं पाह्य."

टोल्यावरचा धूर काळा झाला होता. मी मोटर बंद केली.

परत आलो तेव्हा अंबाबाईंचा गोठा पेटला होता. वर टाकलेली प्लास्टिकची ताडपत्री जळत होती, काळा धूर तिचाच. बैल कुणीतरी आधीच सोडले होते. फवारणीचे दोन ट्रॅक्टर नाल्याकडची आग दाबून धरत होते. त्यांच्या बारीक तुषारांनी आग विझत नव्हती, पण पुढेही सरकत नव्हती. काकांनी मला गोठ्यावर पाणी मारायला लावलं आणि स्वतः अंबाबाईंच्या घराकडे गेले. कौलांच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ निघत होती. स्वयंपाकाच्या धुरासारखी, अगदी घरगुती. पण आत चूल पेटलेली नव्हती.

गोठा बसला तसा मी पाइप घेऊन दाराशी धावलो. आत जमिनीपासून आढ्यापर्यंत कापूस. पांढरा, शांत, कुठं ज्वाला नाही. फक्त केस जळाल्यासारखा वास.

"भाऊ, पाइप नका मारू!" अंबाबाईंनी माझा हात धरला. "सारा भिजन! सालभराचा हाय!"

"आत आनू नको पाइप," काकाही आतून म्हणाले. "बादल्या दे. अन् आईक. कापसाची आग तोंड दाखवत नाई, पोटात बसते. मी शोधतो. मी ओरडलो तर मार. मंग कापसाचाही इचार करू नको अन् माह्याही."

ते कापसात हात घालायला लागले, खांद्यापर्यंत. इथं चाचप, तिथं चाचप, गाभण गाईचं पोट पाहतात तसं. मी दारात उभा, नोझल आत रोखलेला, बोट कडीवर. हा ढीग एका जागी जरी भडकला असता तर दारापर्यंत यायला त्यांना वेळ मिळाला नसता. मागून अंबाबाई भरलेल्या बादल्या आत सरकवत होत्या.

"इथं गरम हाय," काका म्हणाले.

त्यांनी दोन्ही हातांनी कापूस फाडला. आत टोपलीएवढा लाल डोळा उघडला, हवा लागताच त्यातून जीभभर ज्वाला निघाली. माझं बोट दाबलं जात होतं. काका ओरडले नाहीत. बादली ओतली, जळता गोळा पोत्यात कवळून बाहेर फेकला, पुन्हा हात आत. अजून एक गोळा. अजून एक. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, पण माझ्या बोटावर कडीचा वळ दोन दिवस होता.

शेवटी ते बाहेर आले. शर्ट काळा, पँट काळी, हातावरचे केस गेलेले, मनगटावर टरारलेले फोड. अंबाबाईंकडे पाहून म्हणाले, "रातभर एकानं हात लावत बसा. कुठी गरम लागलं का फोन करा."

गोठा गेला. दोन-अडीच क्विंटल कापूस गेला. बावीस घरं उभी होती. अंबाबाईंनी काकांच्या शर्टाकडे पाहिलं आणि तेव्हा कुठं त्यांना रडू आलं. "जयंतीचा नवा शर्ट होता ना भाऊ."

"असू द्या. रंग पक्का बसला."

परतताना चौकात गाडी थांबली. प्रमिलाबाई दोन पेले घेऊन आल्या. मी खाली उतरलो.

"मावशी, तुमचं कुलूप मी तोडलं. मोटरच्या खोलीचं."

त्यांनी जुडग्यातली एक लांब चावी चिमटीत धरली. "मंग इले काय लोनच्यात घालू?" मग काकांचा अवतार पाहिला आणि आवाज बदलला. "टोला वाचला का?"

"वाचला."

"सरबत घ्या. अन् तू रे पोट्ट्या, मले कुलूप पायजे. तसंच. पितळेचं."

"आणून देतो मावशी."

त्यानंतरचे सगळे रविवार माझे गेले. काका मोपेड चालवायचे, मी मागे सुतळी घेऊन. बोरगावपासून रामाकोन्यापर्यंत बेचाळीस विहिरींच्या काठावर मी पालथा पडून गाठी मोजल्या. भिंतीवर 'घबराएँ नहीं' तसंच आहे, त्याच्याखाली आता पुन्हा कोळसा. सप्ताहाचे फोटो मी पोर्टलवर चढवले, कामाच्या आधीचा, माझ्या अंगठ्याचा फोटो मात्र बदलला. एक्सेलमध्येही यादी टाकली आहे, पण काका तिला यादी मानत नाहीत. "लाइन गेली का तुयी विहीरही जाते," म्हणतात.

कुलूप अजून दिलेलं नाही. सौसरच्या बाजारातून एक चांगलं स्टीलचं नेलं होतं, प्रमिलाबाईंनी हातात तोललं आणि परत दिलं. "यानं म्हातारा वर बसून हासन मले." पांढुर्ण्यात एका भंगारवाल्याकडे जुनं पितळेचं एक सापडलं आहे, बरोबर तेवढंच. त्याची चावी नाही. भंगारवाला म्हणतो शोधतो, तीन आठवडे शोधतोच आहे. तोवर त्या खोलीचं दार तारेनं बांधलेलं असतं आणि भिंतीवर तिसऱ्या बाणापुढे काकांच्या अक्षरात लिहिलेलं आहे : 'प्रमिला. २४ हात. ५ ची मोटर. लाइन दिवसा. कुलूप अंकुरकडून येणे.'

अंकुर म्हणजे मी. फोटो काढायचा झाला तर हल्ली मी त्या ओळीपुढे उभा राहतो.